अपॉइंटमेंट लेटरमध्ये नसलेले नियम

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत ट्रेनी म्हणून कुणी रुजू झालं की पहिला दिवस सह्या करण्यातच जातो. अपॉइंटमेंट लेटरची प्रत, पीएफचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, सेफ्टीच्या सूचना वाचल्याची सही, युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज मिळाल्याची सही. कंपनी मोठी असेल तर गेटजवळच्या बोर्डावर स्टँडिंग ऑर्डर्स लावलेल्या असतात. हजेरी, रजा, गैरवर्तन, शिक्षा, सगळं कलमवार. १९४६ साली त्यासाठी खास कायदा झाला, कारण तोवर कामाच्या अटी मालकाच्या तोंडी असायच्या आणि कामगाराला त्या कळायच्या त्या बहुतेक वेळा मोडल्यावरच.

या सगळ्या कागदांत जे नसतं ते वर्षभरानं समोर येतं. दोन ट्रेनी आहेत, जागा एकच आहे. दोघंही डिप्लोमावाले, मार्कांत डावं-उजवं काही नाही, हजेरी दोघांची चोख. एकाचं नाव निघालं की साहेब म्हणतात, "त्याचं टेन्शन नाही." दुसऱ्याचं निघालं की म्हणतात, "पोरगा हुशार आहे, पण..." आणि पुढचं वाक्य हातवाऱ्यावर संपतं. मी अंबडच्या एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीत आहे आणि अशा मीटिंगांना बसतो. ते पुढचं वाक्य बहुतेक साहेबांना स्वतःलाही धड सांगता येत नाही. ते इथं उलगडून बघू.

हे कुणी लिहून का देत नाही

एक कारण असं की ज्यांना येतं त्यांना ते सांगता येत नाही. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) पंचवीस वर्षं काढलेला ऑपरेटर नुसत्या आवाजावरून सांगतो की इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टिकली, गेला. कसं ओळखलं विचारलं तर म्हणतो, "कळतं." मायकेल पोलान्यी नावाचे हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले, आणि त्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला: माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून कितीतरी जास्त त्याला माहीत असतं. वागण्याचंही तसंच. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला साहेबांच्या केबिनमध्ये कधी जायचं आणि कधी दारातूनच परत फिरायचं हे पक्कं ठाऊक असतं, पण त्याचं कलम त्याला लिहिता यायचं नाही.

दुसरं, काही नियम लिहिले तर विचित्र दिसतील. "ग्राहकासमोर साहेबांचा आकडा दुरुस्त करू नये, गाडीत बसल्यावर सांगावा," असं कुठलं एचआर छापेल? आणि नियम कंपनीगणिक बदलतात. कॉलेज रोडवरच्या पंचवीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत मालकालाही पहिल्या नावानं हाक मारतात. तेच तुम्ही ओझरच्या सरकारी विमान कारखान्यात किंवा नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमध्ये करून बघा!

नियम बदलत असले तरी त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न बदलत नाही. १९७३ साली मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं नोकरीच्या बाजाराबद्दल एक साधी गोष्ट दाखवून दिली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो जे दिसतं त्यावरून अंदाज बांधतो. डिग्री हे असंच एक दिसणारं चिन्ह. या प्रकारच्या कामासाठी स्पेन्स यांना २००१ मध्ये आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की नोकरी लागल्यावरही हा अंदाज बांधणं थांबत नाही. फक्त डिग्रीचं काम संपतं आणि तिच्या जागी बारीकसारीक गोष्टी येतात. फोन उचलता का, सांगितलेलं लिहून घेता का, "झालं" म्हणाल्यावर ते खरंच झालेलं असतं का.

साहेबाच्या हाताखाली बारा माणसं आणि दिवसाचे आठ-नऊ तास. प्रत्येकाचं काम तपासणं त्याला शक्य नाही. म्हणून तो नवीन माणसाकडे बघताना मनात एकच हिशेब करत असतो: याच्यामागे मला किती फिरावं लागेल? "त्याचं टेन्शन नाही" याचा अर्थ त्याच्यामागे फिरावं लागत नाही. हुशारी, मेहनत, इंग्रजी हे सगळं या हिशेबानंतर येतं. पुढे जे काही सांगतो ते या एका प्रश्नाला लावून बघा, बहुतेक सगळं सुटतं.

वाईट बातमी

सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच, त्यामुळे इथं जरा थांबतो.

समजा टर्निंगचा एक जॉब आहे. बोअर, म्हणजे आतलं भोक, २० मिलिमीटर, टॉलरन्स एच-सात. म्हणजे २०.००० ते २०.०२१ पर्यंत चालेल, त्यापुढे नाही. सव्वाअकराला ट्रेनी इन्स्पेक्टरनं प्लग गेज (भोकात घालून माप तपासायची दांडी) घातला आणि नो-गो बाजू आत गेली, जी जायला नको. पुन्हा घातला, पुन्हा गेली. बोअर लहान असता तर अजून मटेरियल काढून नीट करता आला असता. मोठा झाला म्हणजे तो नग स्क्रॅप.

आता पोराच्या डोक्यात काय चालतं? गेज खराब असेल. एकच नग असेल. मशीनवरचे नाना चहाला गेलेत, त्यांना सांगितलं तर चिडतील. साहेब मीटिंगमध्ये आहेत. आधी अजून दोन-चार नग बघू, खात्री करू, मग सांगू. यातला एकही विचार वाईट नाही. पोरगा आळशी नाही, लबाडही नाही. पण बघता बघता जेवणाची सुट्टी होते.

आता पैशाच्या बाजूनं बघू. सव्वाअकराला सांगितलं असतं तर पावणेअकराला इन्सर्ट बदलला होता आणि त्या वेळी ऑफसेट (मशीनमध्ये भरायची टूलच्या मापाची दुरुस्ती) जरा जास्त पडला, हे दहा मिनिटांत कळलं असतं. त्यानंतरचे तीसेक नग खराब मालाच्या लाल बिनमध्ये, ऑफसेट दुरुस्त, पहिला नग पुन्हा पास करून मशीन सुरू. साडेतीनला, पाळी बदलताना सांगितलं तर खराब माल चांगल्या मालात मिसळलेला असतो. मग अख्खा लॉट एकेक नग करून तपासा, दुसऱ्या पाळीची दोन माणसं त्यावर बसवा, डिस्पॅचची गाडी थांबवा. दुसऱ्या दिवशी ग्राहकानंच शोधून काढलं तर गोष्ट आणखी वेगळी. आपली माणसं त्यांच्या प्लांटमध्ये जाऊन सॉर्टिंगला बसणार, डेबिट नोट (आपल्या पैशांतून कपातीचा कागद) येणार, आणि एट-डी रिपोर्ट (ग्राहकाच्या तक्रारीवरचा ठरावीक नमुन्याचा अहवाल) लिहायचा, ज्यात चूक कशी झाली याच्याबरोबरच ती आपल्याला आधी का दिसली नाही हेही लिहावं लागतं. त्या रकान्यात काय लिहिणार? दिसली होती, पण पोरगा खात्री करत होता.

चूक तीच, सव्वाअकराला तीसच नगांची. वाढली ती फक्त कळायला लागलेल्या वेळामुळे. म्हणून अनुभवी माणसं चुकीवर जेवढी चिडत नाहीत तेवढी उशिरा सांगण्यावर चिडतात, आणि नवीन माणसाला वाटतं की आपल्याला चुकीसाठी झापलं.

कसं सांगायचं हेही बघा. नव्या माणसाचा मेसेज साधारण असा असतो: "सर थोडा प्रॉब्लेम झाला आहे. फ्री झाल्यावर कॉल करा." हा मेसेज मीटिंगमध्ये वाचणारा साहेब पुढची वीस मिनिटं कुणाचं बोट गेलं की मशीन बसलं याचा विचार करत बसतो. त्याऐवजी असा:

"सर, लाइन २, बोअर ओव्हरसाइज. ११:१५ ला सापडला. १०:४५ ला इन्सर्ट बदलला होता, त्यानंतरचे ३० नग लाल बिनमध्ये वेगळे ठेवलेत. मशीन थांबवलंय, नाना ऑफसेट बघताहेत. आधीचे ५ नग तपासले, ओके आहेत. डिस्पॅचला मी सांगू की तुम्ही सांगता?"

काय झालं, कधी, किती माल, तुम्ही काय केलं, आता त्यांच्याकडून काय हवंय. साहेबाला पाच प्रश्न विचारायचे होते, पाचही विचारावे लागले नाहीत. ट्रेनीकडून असा एक मेसेज आला की त्याचं नाव लक्षात राहतं, हे मी बघितलंय.

मशीन थांबवायची भीती सगळ्यांनाच वाटते. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर म्हणूनच एक दोरी असते. काही चुकलं असं वाटलं की कामगारानं ती ओढायची, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी बोल लावत नाही, निदान पद्धत तशी आहे. आणि एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स तपासल्या तेव्हा सुरुवातीला आकडे उलटेच दिसले. जिथं टीम चांगली, तिथं औषधांच्या चुकांची नोंद जास्त. पुढे उलगडा झाला तो असा, की चांगल्या टीममध्ये माणसं चुका बोलून दाखवत होती आणि बाकीच्या ठिकाणी झाकत होती.

आता कुणी म्हणेल, आमचा साहेब सांगणाऱ्यालाच धुतो. असतात असे. तरी सांगाच, पण चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन, आणि आकड्यांसकट. आकडे असले की आरडाओरडा थोडा लवकर संपतो. वर्षभर प्रत्येक वेळी सांगणाऱ्याचंच डोकं फुटत असेल, तर ती त्या कंपनीबद्दलची माहिती आहे. तिचाही उपयोग करायचा.

"हो", "बघतो" आणि डायरी

साहेबांनी काम सांगितलं की आपण पटकन "हो सर" म्हणतो. घरातून तसंच वळण असतं, मोठ्यांना नाही म्हणायचं नाही. ऑफिसात या "हो"चा कुणाला उपयोग होत नाही, कारण त्यात वेळ नसते. "हो सर, उद्या दुपारी बारापर्यंत देतो. आज कॅलिब्रेशनची यादी संपवायची आहे. ती बाजूला ठेवू का?" (कॅलिब्रेशन म्हणजे मापाची साधनं बरोबर आहेत का ते तपासणं.) असं म्हटलं की दोन कामांत काय आधी, हे त्यांनाच ठरवावं लागतं, आणि ठरवणं त्यांचंच काम आहे. बारा वाजेपर्यंत होत नसेल तर दहाला सांगायचं. बाराला सांगितलेलं कारण आणि दहाला सांगितलेलं कारण एकच असलं तरी दहाचं माहिती ठरतं, बाराचं सबब.

प्रश्न विचारावेत का? विचारावेत, भरपूर विचारावेत, पहिल्या सहा महिन्यांत तर कुणी काही म्हणत नाही. फक्त तोच प्रश्न तिसऱ्यांदा नको. म्हणून खिशात डायरी ठेवा. मोबाइलमध्ये नोट काढली तरी चालतं असं पोरं म्हणतात. काढता येते, पण समोरच्याला तुम्ही व्हॉट्सॲपवर आहात असं दिसतं, आणि आपण सगळं बोलतोय ते दिसण्याबद्दलच. शिवाय बऱ्याच कंपन्यांत शॉपवर मोबाइलला परवानगीच नसते.

आधी स्वतः किती वेळ झटायचं आणि कधी विचारायचं, याला माझं एक ठोकळ उत्तर आहे. मशीन, वीज, क्रेन, केमिकल यांच्या बाबतीत आधी विचारा, मगच हात लावा. एक्सेलच्या बाबतीत उलट. अर्धा तास झटापट करा, काय काय करून बघितलं ते लिहून ठेवा आणि मग जा. "सर, हे जमत नाहीये" याच्यापेक्षा "सर, व्हीलुकअप लावलं, पार्ट नंबरच्या पुढे स्पेस आहे म्हणून मॅच होत नाही, काय करू?" याला मदत करायला कुणालाही आवडतं.

बावीसचा इंजिनिअर, बावन्नचे नाना

हा भाग इंग्रजीतल्या करिअरच्या सल्ल्यांत सापडत नाही आणि आपल्याकडे तर सगळं इथंच अडतं. नवीन इंजिनिअर कागदावर ऑपरेटरच्या वरचा. वयानं मुलासारखा. कंपनी त्याला सुपरवायझर म्हणते आणि शॉपवरचे लोक "नवीन पोरगं" म्हणतात. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांभाळून चालावं लागतं.

संबोधनापासून सुरुवात होते. वयानं मोठ्या ऑपरेटरला अहो-जाहो करा, आणि सगळे ज्या नावानं हाक मारतात तीच हाक मारा, मग नाना असोत, अण्णा असोत की मामा. बायकांना ताई किंवा मॅडम, तिथं जे चालत असेल ते. नुसत्या आडनावानं हाक मारणं जुन्या साहेबांना शोभतं, तुम्हाला नाही. ते तुम्हाला "ए पोरा" म्हणतील. म्हणू द्या. चार महिन्यांनी आपोआप "सर" होतं, किंवा होत नाही आणि काही बिघडत नाही.

काम सांगायचं कसं? "हे असं करा" म्हणण्याआधी "नाना, हे तुम्ही असं का करता?" हे विचारा, आणि खरंच जाणून घेण्यासाठी विचारा. दहापैकी आठ वेळा त्यामागे कारण असतं. फिक्स्चरची (नग पकडून ठेवायच्या साधनाची) एक क्लॅम्प ढिली आहे, मेंटेनन्सला तीनदा सांगून झालं, म्हणून ते नग हातानं दाबून धरतात. उरलेल्या दोन वेळा कारण नसतं, नुसती सवय असते, पण तोवर तुमच्यात बोलणं सुरू झालेलं असतं. पुढे मीटिंगमध्ये ती क्लॅम्प बदलून रिजेक्शन कमी झाल्याचं सांगताना "हे नानांनी दाखवलं" असं नाव घेऊन सांगा. हे शॉपवर संध्याकाळपर्यंत पोचतं. नाव न घेतल्याचंही पोचतं, आणि ते जरा लवकर पोचतं.

खंडेनवमी-दसऱ्याला मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळे मिळून मशीन पुसतात, कूलंटची टाकी साफ करतात, खालचा बर (धातूचा कीस) काढतात. त्या दिवशी हातात डायरी घेऊन बाजूला उभा राहिलेला इंजिनिअर लोकांच्या फार दिवस लक्षात राहतो. चिंधी उचला. पूजेला विश्वास ठेवून उभे राहा की नुसतेच उभे राहा, तो तुमचा प्रश्न.

वरच्या बाजूचं थोडक्यात. साहेबांना डावलून त्यांच्या साहेबांकडे जायचं नाही, जीव किंवा कायदा यांचा प्रश्न असल्याशिवाय. मेलमध्ये साहेबांच्या साहेबांना सीसीत घेणं म्हणजे तक्रार, तुमच्या मनात तसं काही नसलं तरी. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची चूक टाकायची नाही, त्या माणसाला फोन करायचा. आणि ग्रुपवरच्या सूचनेला पोच द्यायची, नुसता अंगठा चालतो.

वेळ आणि रजा

पंचिंग साडेआठचं म्हणजे साडेआठला कार्ड लावायचं असं कागद म्हणतो. खरं तर साडेआठला बूट-चष्मा चढवून जागेवर असायचं, कारण तिसऱ्या पाळीचा माणूस तुम्ही आल्याशिवाय मशीन सोडू शकत नाही. तो रात्रभर उभा आहे. तुमची दहा मिनिटं त्याच्या झोपेतून जातात, त्यामुळे उशिराचा राग साहेबांच्या आधी त्याला येतो. पाळी देताना लॉगबुकमध्ये "सर्व ओके" लिहून पळू नका. कुठलं टूल किती नगांवर आहे, कुठला अलार्म दोनदा आला, कुठला माल होल्डवर आहे, ते लिहा आणि तोंडानंही सांगा.

द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, सातपूरकडे पपया नर्सरीचा चौक, इथल्या गर्दीचं कारण एकदा चालतं. रोजची गर्दी ही बातमी नाही.

रजेचं गणित पुन्हा तेच: आधी सांगितलं की टेन्शन नाही. निफाड-दिंडोरीकडच्या पोरांच्या घरी द्राक्षबाग असते. ऑक्टोबर छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी कधी आहे हे घरात बरंच आधी ठरलेलं असतं, मजूर सांगून ठेवलेले असतात. तरी कंपनीत आदल्या संध्याकाळी मेसेज येतो, "सर उद्या घरी काम आहे." तेच पंधरा दिवस आधी सांगितलं, आणि "माझ्या जागी अमुक बघेल, त्याच्याशी बोललोय" एवढं जोडलं, तर शेतीच्या कामाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. निम्म्या साहेबांच्या स्वतःच्या बागा आहेत. गारपीट सांगून येत नाही, तेव्हा सकाळी सहाला फोन केलेला चालतो. फोन करायचा, मेसेज नको. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वण्यांना रस्ते वळवले जाणार, त्र्यंबक रोडनं सातपूरला येणाऱ्यांचे हाल होणार, आणि घरी पाहुणेही येणार. तारखा कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा.

नाशिक लहान आहे

मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या कित्येक पोरांना ठाऊक नसतं की मायको हे बॉशचं जुनं नाव. जुनी माणसं अजून "मायकोत होतो" म्हणतात. बॉश, महिंद्रा अशा मोठ्या कंपन्या आणि त्यांच्याभोवती सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथं पसरलेले व्हेंडर असं हे जाळं आहे. मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेले वर्कशॉप यात भरपूर. मालक निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांत भेटतात, परचेसवाले एकमेकांना फोन करतात, ऑपरेटरांचे भाऊ-मेहुणे शेजारच्या प्लॉटमध्ये कामाला असतात. मुलाखत झाल्यावर तुमच्याबद्दल विचारणा होते ती रेझ्युमेतल्या रेफरन्सकडे होत नाही. "तुमच्याकडे होता ना तो, कसा आहे?" असा एक फोन जातो, उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं.

याची चांगली बाजूही आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना ती माहिती बहुतांशी जवळच्या मित्रांकडून मिळालेली नसते. ती मिळते वरवरच्या ओळखीच्या, कधीमधी भेटणाऱ्या माणसांकडून. कारण सरळ आहे. आपल्या मित्रांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं, दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या गोटातली बातमी आणतो. ऑडिटला आलेला ग्राहकाचा इंजिनिअर, गेज दुरुस्तीचा माणूस, कॅलिब्रेशन लॅबवाल्या मॅडम, ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर, यांच्याशी नीट बोलणं हा नुसता सभ्यपणा नाही. पाच वर्षांनी यांच्यातलाच कुणीतरी फोन करतो.

गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जरूर जा. कंपनीत खरं काय चाललंय ते तिथंच कळतं. ऐकायचं जास्त, बोलायचं कमी, निदान पहिलं वर्षभर. युनियनचं राजकारण, कुणाला किती इन्क्रिमेंट, साहेबांची खासगी भांडणं, यावर तुमचं मत कुणी विचारलं तर ते मत ऐकायला विचारलेलं नसतं.

जे पाळायचं नाही

न लिहिलेलं सगळंच शहाणपणाचं असतं असं समजू नका. काही गोष्टी केवळ सगळे करतात म्हणून चालू असतात. इन्स्पेक्शन शीटमधले दर तासाचे रकाने सकाळीच भरून ठेवणं. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) वाचवायला दरवाजाचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय, बायपास करणं. ओव्हरटाइम करायचा पण पंच आउट आधी करायचा. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायद्यातला नियम आहे, तो लागू असलेल्या कामगाराला दुप्पटच मिळायला हवा. नवीन माणसाला आडनाव विचारून गाव विचारायचं, गाव कळलं की कुठल्या आळीत घर ते विचारायचं. हे सगळं कशासाठी चाललंय ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही.

ओळखायचं कसं? मघाचाच हिशेब इथं उपयोगी पडतो. ज्या नियमानं सहकाऱ्याचा किंवा साहेबाचा त्रास वाचतो तो पाळा. ज्या नियमानं काहीतरी ऑडिटरपासून, ग्राहकापासून किंवा कायद्यापासून झाकलं जातं, तो पाळू नका. खोट्या रकान्याखाली सही तुमची असते, "कर रे, सगळे करतात" म्हणणाऱ्याची नसते. ट्रेनीनं भांडत बसायची गरज नाही. "सर, मी मोजल्यावर भरतो, मला तसंच जमतं" एवढं बोलून मोजायला लागायचं. दोन-तीनदा टोमणे येतात, मग बंद होतात.

मुलींसाठी, आणि मुलांनीही माहीत करून घ्यावं असं एक. "तो तसाच आहे, लक्ष देऊ नको" हा बऱ्याच ऑफिसांतला न लिहिलेला नियम आहे आणि तो २०१३ च्या कायद्याच्या थेट विरुद्ध आहे. दहा किंवा अधिक माणसं जिथं काम करतात तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. ट्रेनी, ॲप्रेंटिस, कॉन्ट्रॅक्टवरच्या सगळ्या यात येतात. समितीच्या सदस्यांची नावं बोर्डावर लावलेली असायला हवीत. पहिल्या आठवड्यात तो कागद शोधून फोटो काढून ठेवायला काही लागत नाही.

सोडताना

दोन-तीन वर्षांत पहिली नोकरी बदलतेच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दुसरं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा बोलून दाखवू नका. आणि ते आलं की आधी साहेबांना समोर बसून सांगा, एचआरचा मेल त्यानंतर. साहेबांना ही बातमी टपरीवर कळली तर तीन वर्षांचं काम त्या एका दुपारी पुसलं जातं.

नोटीस पीरियड पूर्ण करा किंवा लेखी मिटवून घ्या. शेवटच्या पंधरा दिवसांत माणूस नावालाच येतो असा सगळ्यांचा अनुभव आहे, त्यामुळे त्या दिवसांत नीट काम करणारा फार उठून दिसतो. हँडओव्हरची फाइल करा: कुठलं काम कुठे अडलंय, कुठल्या ग्राहकाचं काय येणं आहे, कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये. गेज, लॉकरची किल्ली, आयकार्ड परत केल्याची पोच घ्या. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये मनातलं सगळं ओकायचा मोह होतो. दोन कामाच्या सूचना द्या, बास.

रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपीरियन्स लेटर दोन्ही मागून घ्या, स्पेलिंग आणि तारखा तिथंच उभं राहून तपासा. फुल अँड फायनलचा हिशेब कधी मिळणार ते मेलवर विचारून ठेवा. पीएफचा यूएएन आयुष्यभर एकच असतो. नवीन कंपनीत पहिल्या दिवशी सह्या करताना तोच नंबर द्या, नवा काढू देऊ नका, नाहीतर पुढे दोन खाती जुळवताना फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतात.